अकरा शुक्रवारांचं कडू चॉकलेट

रहमतुल्लाचाचांना वास येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून घडलं. मालवाहू बोटीवर कूक म्हणून अडतीस वर्षं काढली त्यांनी. खाली इंजिनाचा धूर, समोर मिरच्यांची फोडणी आणि खिडकी म्हणाल तर बशीएवढी. चाळिशी उलटायच्या आत नाक गेलं. कुठल्याशा बंदरातल्या डॉक्टरनं सांगितलं, आता हे काही परत यायचं नाही. चाचा म्हणाले, "नाय तर नाय. कान आसत मा?"

आणि कानावर त्यांनी खरोखरच स्वयंपाक चालवला. कांदा लाल झाला की तेलाचा आवाज बारीक होतो म्हणे. भात होत आला की टोपावरचं झाकण वेगळं बोलतं. पडवीत पाठमोरे बसून, आत अकिलाचाचीची भाकरी करपतेय म्हणून ओरडताना मी त्यांना ऐकलंय. चाचीचं त्यावर ठरलेलं उत्तर, "बाकी सगळां आयकतत, माजां तेवडां आयकनत नाय."

मी विनीता. तळेऱ्याला महामार्ग सोडून विजयदुर्गाच्या रस्त्याला लागलं की तासाभरानं खाडी दिसते आणि खाडीला लागून आमची वाडी. वाडीचं टपाल ऑफिस माझ्या पडवीत आहे आणि गेली चोवीस वर्षं मी तिथली डाकपाल. लग्न केलं नाही म्हणा, जमलं नाही म्हणा, जन्मले त्याच घरात आहे. माझ्या आणि चाचांच्या घरामध्ये एक चिऱ्यांचा गडगा. तोही मधे ढासळलेला. तो बांधायला हवा असं दोन्ही घरं दर वर्षी म्हणतात आणि ढासळलेल्या जागेतूनच एकमेकांकडे जातात.

आमच्या लहानपणी वर्षातून चतुर्थी एकदा यायची, ईद दोनदा आणि चाचा एकदा. चाचांबरोबर त्यांची पेटी यायची. फणसाच्या लाकडाची, निळा रंग दिलेली, पहिल्यांदा बोटीवर निघाले तेव्हा वाडीतल्याच सुतारानं करून दिलेली. घरी आल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी, नमाज आटोपून ते मशिदीतून आले की चार वाजता पडवीत ती पेटी उघडायची. ह्या पेटी उघडण्याला अख्खी वाडी यायची, हिंदू-मुसलमान, पोरंटोरं, म्हातारेकोतारे. सोनेरी कागदातलं चॉकलेट प्रत्येकाच्या हातावर एक आणि घरी आईसाठी आणखी एक, "आयेक एक". मग चाचा बंदरांच्या गोष्टी सांगायचे. बर्फात अडकलेली बोट, माकडानं पळवलेली कप्तानाची टोपी. गोष्ट नेमकी रंगात आली की थांबायचे. "रवलेली फुडच्या शुक्रवारी." म्हणून पुढच्या शुक्रवारी परत सगळे हजर. सुट्टी संपेपर्यंत हे चालायचं आणि पेटीच्या तळाशी एकदोन चॉकलेटं शेवटच्या शुक्रवारपर्यंत उरवलेली असायचीच.

आठ वर्षांपूर्वी ते कायमचे घरी आले. शेवटची पेटी उघडली. त्यानंतर काही शुक्रवार माणसं आली, मग चार आली, मग दोन. कोणी वाईट नव्हतं हो. कोणाच्या घरी मालिका, कोणाच्या हातात फोन, कोणाला आंब्याची फवारणी. मीही गेले नाही. गडग्यापलीकडून "बरे आसास मा?" असं ओरडून विचारायचं आणि चुलीकडे वळायचं, झालं माझं शेजारपण. रिकाम्या पेटीत अकिलाचाचीनं पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी भरायला सुरुवात केली. सुकट, बोंबील, खारे बांगडे. लाकूड चांगलं, झाकण घट्ट, वाळवी नाही. बाईमाणूस रिकामी पेटी कशाला रिकामी ठेवेल?

एकदा चाचा ऑफिसात आले. रजिस्टर पत्राची सही केली आणि उठेनात. मग म्हणाले, "विनी, एक इचारतंय. लोकां माज्यासाठी येय होती काय पेटयेसाठी?"

मी म्हटलं, "असां काय इचारतास, चाचानू!" आणि पुढच्या कागदावर शिक्का मारला. उत्तर दिलंच नाही. माझ्याकडे नव्हतंच. शिक्का मात्र इतक्या जोरात मारला की तारीख फाटली. तो प्रश्न त्यांच्या मनातून गेला नव्हता, माझ्याही नाही.

मग गेल्या वर्षी त्यांना साखर निघाली. जन्मभर चहात चार चमचे घालणारा माणूस. देवगडच्या डॉक्टरनं गोड सगळं बंद केलं. चाचा सुकले. साखरेनं कमी आणि बेचव चहानं जास्त. त्यांची मुलगी अफशा पनवेलला औषधांच्या दुकानात काम करते. ती फोनवर म्हणाली, "अब्बा, डॉक्टरांक इचारा. कडू चॉकलेट नखाएवडां खाल्ल्यार चलात कदाचित. पण बाजारातलां नको, तेतूय साकर आसता." डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली: औषध म्हणून नव्हे, जिभेच्या समाधानासाठी, तेही कधीतरी आणि नखाएवढंच.

चाचांच्या नारळी-पोफळीच्या बागेत कोकोची बारा झाडं आहेत. कधीकाळी कुठल्या योजनेत फुकट मिळाली म्हणून लावलेली. फळं पिकली की पोरं फोडून आतला पांढरा गर चोखायची आणि बिया थुंकून टाकायची. बाकीची माकडं न्यायची. चॉकलेट ह्याच बियांचं होतं हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं, पण आपल्या परसातल्या बियांचं होईल असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, तसं अडतीस वर्षं हा माणूस समुद्रापलीकडून चॉकलेट आणत होता.

दिवाळी झाली आणि चाचा कामाला लागले. बिया गरासकट केळीच्या पानांत गुंडाळून आंब्याच्या लाकडी खोक्यात सहा दिवस ठेवायच्या, वरखाली करायच्या. वाडीभर आंबलेल्या ताडीसारखा वास. मग खळ्यात उन्हात वाळवायच्या. मग लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायच्या. इथे त्यांचा कान कामाला आला. बी तडतडायला लागली की ते बोट वर करायचे, तडतड विरळ झाली की बोट खाली, कढई खाली. सालं पाखडायचं सूप अकिलाचाचीकडे. मग घावण्याचं पीठ वाटायच्या दगडी ग्राइंडरमध्ये दोन दिवस वाटप. वीज गेली की दगड बसायचे आणि चाचा ग्राइंडरला जवळ घेतल्यासारखं गोधडीत गुंडाळून ठेवायचे. साखर नाही. खारकेची पूड, तीही जेमतेम. "चाळीस वर्सां मीच ह्या वाडयेक गोड खावक घातलंय," ते म्हणाले, "अर्ध्या वाडयेक साकर झाली ती माजीच करणी. आता कडू खावक घालतंय."

पहिल्या वेळी त्यांनी कोकमाचं आगळ ओतलं आणि पातळ झालेलं चॉकलेट बघता बघता फुटून रेतीसारखं झालं. पाण्याचा थेंब लागला तर ते रुसतं हे कळायला एक घाणा वाया गेला. मग आमसुलं कडक वाळवून त्यांची पूड केली. ती छान जमली. सुंठ, वेलची, जायफळ, भाजलेला काजू, सुकं खोबरं, दर आठवड्याला एक. तिरफळ घालून बघितलं त्या आठवड्यात कढईतलं चाखून चाचीची जीभ संध्याकाळपर्यंत बधिर होती. वासाचं काम चाचीचं. कढईवर वाकून ती सांगायची, "हां, आता बरो इलो," की चाचा खाली उतरवायचे. गरम कढईतलं चाखून चाखून तिचं मन इतकं भरलेलं असायचं, की थापलेल्या वडीला ती हातही लावत नसे.

आता चूक कुठे झाली ते सांगते.

चाचा म्हणाले, चॉकलेट पेटीतूनच निघालं पाहिजे. फ्रीजमधून काढलेलं चॉकलेट म्हणजे दुकान. चाचीनं पेटी मोकळी केली, राखेनं घासली, चार दिवस उन्हात घातली, वर लोबानाचा धूर दिला. तिच्या नाकाला पेटी स्वच्छ झाली. ज्या घरात सात वर्षं सुकट आहे त्या घरातल्या नाकाला आणखी काय कळणार? सुंभ जळला तरी पीळ जात नाही आणि फणसाचं लाकूड धुतलं तरी प्यालेलं सोडत नाही. आणि चॉकलेटाची जात अशी, की शेजारी जे असेल त्याचा वास उचलायचा.

डिसेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी चाचांनी स्वतः घरोघर जाऊन निरोप दिला. "चार वाजता पेटी उघडतंय." त्या दिवशी मी गेले ती चॉकलेटासाठीच, खोटं कशाला बोलू? सतराअठरा माणसं होती. रिक्षावाला बाबली होता, शाळेतून निवृत्त झालेले शंकर गुरुजी होते, ऐंशीच्या घरातली सुशीलाकाकी काठी टेकत आली होती. चाचांनी पेटीचं झाकण उचललं. प्रत्येकाच्या हातावर एक वडी ठेवली आणि म्हणाले, "मोडा. आवाज येवक होयो."

टक, टक, टक असे आवाज झाले. त्यांचा चेहरा उजळला. मी कोपरा तोंडात टाकला. आधी कडू. मग सुंठीचा चटका, एकदम झकास. आणि मग मागच्या दारानं सुकट आली.

मी बाबलीकडे बघितलं. बाबली वाशांकडे बघत होता. गुरुजींनी डोळे मिटले होते, लोकांना वाटावं चवीत बुडालेत. सुशीलाकाकीनं वडी अलगद कनवटीला लावली. चाचा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण पहिल्यांदा पोळी लाटलेल्या मुलीसारखा.

"कसां झालां?"

"बरां झालां हां, चाचानू!" बाबली म्हणाला. "एकदम वेगळाच!"

यात खोटं काही नव्हतं.

मग चाचांनी गोष्ट सुरू केली. आफ्रिकेच्या एका बंदरात बोट तीन आठवडे अडकली, पिठाचं शेवटचं पोतं उरलं आणि कप्तानाचा वाढदिवस आला. आणि तिथे थांबले. "रवलेली फुडच्या शुक्रवारी."

मी ती वडी घरी आणली. टाकवेना. त्यांनी हातानं केलेली, दोन दिवस जागून. टपाल तिकिटांच्या खणात ठेवून दिली.

पुढच्या शुक्रवारी मी जाणार नव्हते. पण कप्तानाच्या वाढदिवसाला त्या माणसानं काय रांधलं हे कळल्याशिवाय मला आठवडाभर चैन पडलं नव्हतं. गेले. तर तीच सतराअठरा माणसं. टक, टक, टक. वडी मोडायची, हात तोंडापर्यंत न्यायचा आणि मूठ खाली आणायची. आवाज ऐकला की चाचांचं समाधान. कोणी कोणाला काही बोललं नाही, पण बाहेर पडताना गडग्यापाशी बाबली मला म्हणाला, "विनीताताय, तू सांग गो तेंका. तुजां आयकतीत."

"मीच कित्याक? तुज्या तोंडाक काय कुलूप आसा?"

"माज्यान होवचा नाय. तेंचा तोंड बघलंस?"

बघितलं होतं, म्हणून तर. आणि आणखी एक गोष्ट होती, ती मी कबूल करते. वाडीला शुक्रवार परत आवडायला लागला होता. गुरुजींची पत्नी गेल्यापासून ते कोणाकडे बसत नसत, ते आता साडेतीनलाच यायला लागले. सुशीलाकाकीची सून म्हणाली, म्हातारी शुक्रवारी स्वतःहून लुगडं बदलते. आणि मी, जी कोणाच्या अध्यात ना मध्यात, मी गुरुवारीच टपालाची बाकी कामं उरकून टाकायला लागले. चॉकलेटाबद्दल खरं सांगितलं तर हे सगळं मोडेल अशी भीती होती. म्हणून अकरा शुक्रवार आम्ही एका म्हाताऱ्या माणसाला फसवलं. चांगल्या मनानं फसवलं, पण फसवलंच.

बाराव्या शुक्रवारी अफशा आली होती, चार दिवसांची रजा घेऊन. बापाच्या शेजारी बसली. त्या दिवशी वेलची होती. तिनं वडी मोडली, सरळ तोंडात टाकली आणि चावली. तिला आधी सावध करायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अब्बा! हेका सुकटीचो वास येता!"

ती हसत होती. मग आमचे चेहरे बघून तिचं हसू थांबलं.

चाचांनी एकेकाकडे बघितलं. "खरां?" त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजी आयुष्यात खोटं बोलले नसावेत. ते चष्मा पुसायला लागले. मग चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि मी खाली बघितलं. लाज वाटली मला, इतकी की कान तापले.

"अकरा शुक्रवार," ते म्हणाले. पेटीचं झाकण लावलं. आत गेले. गोष्ट सुरूसुद्धा झाली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी दार बंद. अफशा रडत रडत पनवेलला गेली होती. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही दार बंद. ग्राइंडर बंद. कोकोची फळं झाडावर पिकून माकडांना मिळाली. मग एक दिवस अकिलाचाची गडग्याच्या खिंडीतून माझ्या ऑफिसात आली आणि बाकावर बसली.

"माजीच चूक ती," ती म्हणाली. "पेटी मीच दिलंय. पन ते माका कायच बोलनत नाय. जेवनत नाय धड. म्हनतत, लोकां माका हसत होती. माजी कीव करूक येय होती. आदी पेटयेसाठी येय होती, आता कीव करूक. माज्यासाठी कोन नाय इला." तिनं पदरानं डोळे टिपले. "ह्या वयात माणसान असां घेवन बसल्यार काय करूचा गो, विनीता?"

मला राग आला. आधी चाचांचा आला, मग वाडीचा, मग स्वतःचा, आणि शेवटी तो स्वतःवरच मुक्कामाला राहिला. ज्या प्रश्नावर मी शिक्का मारून मोकळी झाले होते, तोच प्रश्न हा माणूस उपाशीपोटी चघळत बसला होता. मी खण उघडला. तिकिटांच्या मागे माझ्या वड्या होत्या. मोजल्या. अकरा. पहिलीचा कोपरा तेवढा तुटलेला, बाकीच्या दोन दोन तुकडे जोडून ठेवलेल्या. आणि माझ्या डोक्यात आलं, की मीच एकटी थोडीच असेन?

टपालाची थैली खांद्याला लावली आणि वाडीत फिरले. आजवर घरोघर टपाल दिलं, पहिल्यांदाच घरोघर मागायला गेले. "चाचांच्या वड्ये आसत काय? खरां सांगा. वरडनंय नाय." बाबलीनं रिक्षाच्या सीटखालचा हत्यारांचा डबा उघडला. पान्यांच्या खाली फडक्यात दहा. सुशीलाकाकीनं चिंचेच्या बरणीमागून पुडी काढली. गुरुजींनी पाकीट आणून दिलं, आत प्रत्येक वडी वेगळ्या कागदात आणि कागदावर तारीख. म्हटलं, गुरुजी, ही काय उत्तरपत्रिका आहे? ते म्हणाले, "टाकून द्यायचं धाडस झालं नाही आणि खायचंही." खाडीकाठच्या देवेशच्या बायकोनं सरळ सांगितलं, की तिनं सगळ्या खाडीत टाकल्या. सुकट होती तिथे गेली म्हणे. दोघातिघांनी खरंच खाल्ल्या होत्या. धन्य ती माणसं. पण बहुतेक घरांत कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात वड्या निघाल्या. ज्याला त्याला वाटत होतं, की लपवून ठेवणारे आपण एकटेच.

चार वाजले होते. शुक्रवारच होता. मी मागच्या दारानं गेले नाही, पुढे जाऊन कडी वाजवली.

"टपाल!"

आतून आवाज नाही. "चाचानू, टपाल आसा. सही लागात."

त्यांनी दार उघडलं. दाढी वाढलेली. मी थैली पडवीत जमिनीवर रिकामी केली. पुड्या, फडकी, पाकिटं.

"ह्यां काय?"

"तुमची चॉकलेटां. कोणी खाल्ल्यान नाय."

"ह्यां सांगूक इलंस?" त्यांचा आवाज चिरकला. "आजून वायच हसाचा रवला हुता?"

आणि मग माझा तोल गेला. माझा तोल जातो, वाडीला माहीत आहे. "कोन हसता? कोन कीव करता? तुमी माका इचारल्यात, लोकां पेटयेसाठी येय होती काय माज्यासाठी? तेवा मी उत्तर देवक नाय. आता देतंय. आयका. ह्या चॉकलेटाक सुकटीचो वास येय होतो. पयल्या शुक्रवारी सगळ्यांका कळला. चॉकलेटासाठी येवचा झाला असता तर दुसऱ्या शुक्रवारी तुमच्या पडवीत एक मांजर इला असता! माणसां कोनासाठी इली? सांगा! अकरा शुक्रवार कोनासाठी इली?"

माझा श्वास लागला होता. आत चुलीपाशी चाची उभी राहिलेली दिसत होती, उलथनं हातात घेऊन.

चाचा हळूहळू खाली बसले, गुडघ्यावर हात देऊन. बाबलीचं फडकं सोडलं आणि वड्या एका ओळीत मांडायला लागले. मला वाटलं, मोजतायत. पण ते मोजत नव्हते, ओळखत होते. नाक नसलं तरी आपल्या हातचं काम माणूस ओळखतोच.

"ह्यो सुंठीचो. पयलो शुक्रवार." बोट पुढे सरकलं. "ह्यो आमसुलाचो, लाल दिसता बघ. ह्यो खोबऱ्याचो. तेवा बाबल्याक बांदावयल्यान पडल्यामुळे पाय सुजलेलो, तरी इलो." गुरुजींचं पाकीट उघडलं, तारखा न वाचताच ओळ लावली. "गुरुजी काजूच्या येळी नवतो. सातारेक गेल्लो, झिला-सुनेकडे." मग सुशीलाकाकीची पुडी. तिथे त्यांचं बोट थांबलं. "हेच्यात गोल खंय आसा? जायफळाचो मी वाटयेत थापलेलंय, गोल. तो नाय हय." क्षणभर विचार केला. "हां. त्या शुक्रवारी तिका ताप हुतो. तिची जागा रिकामी हुती, त्या खांबाकडची."

आम्ही अकरा शुक्रवार त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, की त्यांना कळलं तर नाही ना. आणि ते अकरा शुक्रवार आमच्याकडे बघत होते, की कोण आलं आणि कोण नाही. मला रडू आलं. अकिलाचाची आधीच रडत होती.

शेवटी त्यांनी माझ्या वड्या मांडल्या. सुंठ, आमसूल, खोबरं, तिरफळ, काजू, गोल जायफळ, सगळ्या. ओळ पडवीच्या उंबऱ्यापर्यंत गेली.

"विनी, तुजे अकराच्या अकरा," ते म्हणाले.

"व्हय, चाचानू."

त्यांनी पहिली उचलली, कोपरा तुटलेली, आणि तोंडात टाकली. बराच वेळ चघळली. "माका तर बरो लागता," म्हणाले, आणि हसता हसता डोळ्यांवर हात धरला. चाची पुढे झाली तर तिला म्हणाले, "ती पेटी घे तुजी सुकट भरूक. तिका तीच बरी."

मी रिकामी थैली उचलली. दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाले, "सगळ्यांका सांग, फुडच्या शुक्रवारी चॉकलेट नाय, काय्येक नाय. चा आसतलो, तो पन बिनसाकरेचो. आदीच सांगतंय, मागे कोणी बोलूक नको."

"किती वाजता?" मी विचारलं.

त्यांनी उंबऱ्याजवळची शेवटची वडी बोटानं ओळीत सारखी केली.

"चार वाजता," ते म्हणाले.